कामशेतहून परतीची वाट

श्री. ज्ञानोबा शेलार, म्हणजे आपले गेनूभाऊ, यांची आणि माझी ओळख होण्याआधी त्यांच्या गाडीची आणि माझी ओळख झाली, आणि त्या ओळखीत माझा एक पाय चिखलात गेला.

पहिले महायुद्ध संपून थोडा काळ लोटला होता. लोणावळ्याच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. श्रावणातली सकाळ होती आणि वलवणच्या रस्त्यावर धुके इतके दाट होते की हातातली छत्री दिसावी पण तिचे टोक दिसू नये. कुठूनशी घंटा वाजली. जवळपास देऊळ नाही हे मला ठाऊक होते. मग धुक्यातून काहीतरी काळे, उंच, चारी बाजूंनी काचा असलेले माझ्याकडे येऊ लागले. काचेचे कपाट घरातून निघून फिरायला यावे तसे ते येत होते आणि त्याला आवाज नव्हता. घोडा नाही, धूर नाही, फटफट नाही. मी मागे सरलो तो थेट गटारात. कपाट थांबले, दार उघडले आणि फेट्यातले एक हसरे डोके बाहेर आले.

"मास्तर, भ्यालात व्हय? भिऊ नगा. भूत न्हाई, वीज हाय."

वीज हा माझा शिकवायचा विषय. ती समोरून आली तेव्हा मी गुडघाभर चिखलात उभा होतो. गेनूभाऊंनी मला हात देऊन वर काढले, गाडीत बसवले आणि शाळेच्या फाटकाशी सोडले. तो दीड मैलांचा प्रवास अजून माझ्या अंगात आहे. गाडी चालत असताना भाताच्या खाचरातल्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता. स्वप्नात आपण जमिनीपासून वीतभर वरून जातो तसे वाटत होते आणि उतरताना मला उतरावेसे वाटत नव्हते.

गेनूभाऊंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या अंकात लिहिण्याची आज्ञा सत्कार समितीने मला केली. अशा लेखात सत्कारमूर्तींचे गुण लिहायचे असतात आणि लेखकाने आपले दोष झाकायचे असतात. पहिला भाग मी आनंदाने पाळणार आहे. दुसरा पाळता येणार नाही. याच अंकासाठी तयार झालेला गेनूभाऊंचा जीवनपट समितीने मला वाचायला दिला. त्यात एक वाक्य आहे : "विजेच्या गाडीचा त्यांचा प्रयोग मात्र त्यांच्याच हातून झालेल्या चुकीमुळे फसला." हे वाक्य खोटे आहे, आणि ते खोटे आहे हे दोनच माणसांना माहीत आहे. त्यांपैकी एक गेनूभाऊ. ते बोलणार नाहीत. म्हणून मला बोलले पाहिजे.

गेनूभाऊ आंदर मावळातले. घरी भातशेती, गुरे, आणि आगगाडी गाठायची तर अर्धा दिवस पायपीट. तरुणपणी ते लोणावळ्यात एका मुंबईकर शेठजींच्या बंगल्यावर घोडागाडी हाकायला राहिले. शेठजींच्या वृद्ध मातोश्रींना घोड्याचा वास सोसेना आणि पेट्रोलच्या मोटारीचा धडधडाट सोसेना, म्हणून शेठजींनी परदेशातून विजेची गाडी आणवली. बंगल्यावर दिव्यांसाठी तेलाचे इंजिन आणि डायनामो होताच. त्यावर गाडीच्या बॅटऱ्या भरायच्या. मुंबईहून आलेला शोफर लोणावळ्याच्या पावसाला कंटाळून पळाला, आणि शेठजींनी गाडी घोडेवाल्याच्या हाती दिली. "घोड्याला चारापानी, हिला वीजपानी. फरक कायबी न्हाई," असे गेनूभाऊ म्हणत. पण फरक होता, आणि तो जाणून घ्यायला त्यांनी मला धरले.

गाडीबरोबर इंग्रजीत एक माहितीपुस्तक आले होते. गेनूभाऊंनी ते पोथीसारखे स्वच्छ कापडात बांधून ठेवले होते. रोज शाळा सुटली की मी तबेल्यात जायचे, एक पान वाचून मराठीत सांगायचे आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचे. इंग्रजीचे अक्षर त्यांना येत नव्हते; पण कोणत्या पानावर काय आहे हे आजही ते मला सांगतात, आणि मी विसरलेलो असतो. थोड्याच दिवसांत घाटातल्या इंजिनावरचे ड्रायव्हर डिसोझासाहेब येऊ लागले. रविवारी दुपारी आमची बैठक भरे. हँडल न मारता सुरू होणाऱ्या मोटारी, चारही चाकांचे ब्रेक, हवेचे जाड टायर, जगात जे जे नवे निघे ते आमच्या तबेल्यात वादाला येई. डिसोझासाहेब वाफेचे भक्त. "जिस चीज में आग नहीं दिखती, उस पर मैं भरोसा नहीं करता," असे ते ठणकावत. गेनूभाऊ शांतपणे म्हणत, "सायेब, वारा तरी कुटं दिसतो?" पुढे घाटात रेल्वे विजेवर आली तेव्हा हेच डिसोझासाहेब टोपी हातात घेऊन गेनूभाऊंकडे विजेचे पहिले धडे गिरवायला बसले. गेनूभाऊंनी जुन्या वादाची आठवण एकदाही काढली नाही. मी काढली.

त्या बैठकीतल्या गप्पांना एक गोड गुंगी असे. बाहेर धुके, आत घोड्याच्या गवताचा वास, आणि गेनूभाऊ हळू आवाजात सांगत, की एक दिवस कामशेत ठेशनाबाहेर अशा गाड्या उभ्या राहतील. "आंदर मावळातनं म्हातारं मानूस, बाळंतीन बाई ठेसनावर येईस्तोवर दिस मावळतो. ही गाडी आली तर लेकरू झोपलेलं उटायचं न्हाई, आन् मानूस पोचलेलं आसंल." त्यांची आई अशीच खांद्यावरच्या झोळीतून नेताना वाटेत गेली होती. हे त्यांनी एकदाच सांगितले.

शेठजींनाही या बेताने भुरळ घातली. त्यांनी शब्द दिला, की लोणावळ्याहून कामशेतला जाऊन एका भरणीत परत येऊन दाखवा, मध्ये बॅटऱ्या पुन्हा न भरता. अशा चार गाड्या आणतो, त्यांतल्या दोन कामशेतला ठेवतो आणि सगळा कारभार तुमच्याकडे देतो. जाऊन-येऊन वीस मैल. गाडी नवी असताना एवढे अंतर तिने हसत कापले असते. आता बॅटऱ्या थकल्या होत्या. गेनूभाऊंनी महिनाभर बॅटरीच्या एकेका घटाची मशागत केली. बंगल्यावरच्या इंजिनाची तब्येत ते लाकडी लाटणे कानाला लावून ऐकत. विजेच्या गाडीत ऐकायला काही नाही, म्हणून ते घटांच्या रांगेवर तळवा फिरवीत, आजाऱ्याच्या कपाळावर फिरवावा तसा. कोणता घट तापतो, कोणता मलूल आहे, हे त्या हाताला कळे.

घटांतले पाणी कमी होते तेव्हा त्यात वाफ गार करून मिळवलेले शुद्ध पाणी घालावे लागते. ते पुण्याच्या औषधवाल्याकडून येई. त्या वेळी पुराने रस्ता अडला आणि पाणी आले नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, "पावसाचे पाणी म्हणजे निसर्गाने वाफेचे केलेले पाणीच. मी आणतो." मुलांना मी हेच शिकवत होतो. विचार चुकीचा नव्हता. मी अंगणात मोकळ्या आभाळाखाली पाणी धरले. आणि ते अत्यंत शुद्ध राहावे म्हणून आमच्या देवघराचा तांब्याचा हंडा पत्नीकडून मागून घेतला, चिंचेने लख्ख घासला, सोवळ्याने पाणी त्यात भरले आणि वर स्वच्छ फडके बांधून आठ दिवस ठेवले. इतके पवित्र पाणी लोणावळ्यात दुसरे नव्हते.

माहितीपुस्तकात लिहिले होते, की हे पाणी धातूच्या भांड्यात कधीही ठेवू नये. ते पान मीच वाचून दाखवले होते. मराठी मीच केले होते. पण आमच्या घरात लोखंड हा धातू. तांबे म्हणजे पूजा. हंडा घासताना ते वाक्य माझ्या मनात डोकावलेसुद्धा नाही. चिंचेने घासलेल्या हंड्यातले तांबे आठ दिवसांत पाण्यात उतरले, आणि बॅटरीला विष द्यायला तेवढे पुरले. मी ते पाणी स्वच्छ बाटल्यांत ओतून आणून दिले. गेनूभाऊंनी मास्तरांवर विश्वास ठेवून ते घटांत घातले.

आश्विनात आभाळ निवळले तेव्हा आम्ही निघालो. पुढे गेनूभाऊ, शेजारी शेठजी. मागे डिसोझासाहेब आणि मी. वलवण गेले, वाकसई गेली, कार्ल्याचा डोंगर डावीकडून सरकला, लोहगड-विसापूर उजवीकडून पाहत राहिले. ओंब्या धरलेले भात रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाऱ्यावर लवत होते, आणि आम्ही त्यातून आवाज न करता चाललो होतो. खाचरातले बगळे उडालेसुद्धा नाहीत. डिसोझासाहेबांनी सदऱ्यात क्रूस धरून ठेवला होता. कामशेतच्या बाजारात भाताची पोती टाकून माणसे जमली. एका आजीने गाडीच्या काचेला हळदकुंकू लावले. शेठजी खुशीत होते. गेनूभाऊंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिलेले मी पाहिले, आणि मला वाटले, यात आपलाही वाटा आहे.

परतीचा रस्ता चढता. कार्ल्याचा फाटा ओलांडून वाकसईच्या अलीकडे एक वडाचे झाड आहे. तिथे गाडीची चाल मंदावली. काही मोडले नाही, काही वाजले नाही. चालता चालता कुणाला डुलकी लागावी तशी ती थांबली. गेनूभाऊंनी झाकण उघडले, घटांवरून तळवा फिरवला आणि तापलेल्या घटांवर हात मध्येच थबकला. मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारले, "मास्तर, पानी कशात ठिवलं हुतं?"

"तांब्याच्या हंड्यात," मी म्हणालो. "चिंचेने घासून." आणि बोलता बोलताच मला ते पान आठवले.

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मागे शेठजी गरजले, "शेलार, हे कुणाचे काम?"

शेठजी आमच्या शाळेच्या मंडळावर होते. माझी नेमणूक कच्ची होती. पक्की करायची की नाही हे त्याच महिन्यात ठरायचे होते. घरी पत्नी आणि दोन लहान मुली होत्या. मी तोंड उघडायच्या आत गेनूभाऊ पुढे झाले.

"पान्यात चूक झाली, शेठ. पानी म्याच घातलं हुतं."

मी तेव्हा बोलायला हवे होते. त्याऐवजी मी सुटकेचा निःश्वास सोडला. शेतावरचा एक शेतकरी बैलजोडी घेऊन आला. पाण्याचे बोलणे त्याच्या कानी पडले होते. "ओढू का? आमच्या बैलास्नी कसलंबी पानी चालतं," तो म्हणाला. कुणी हसले नाही. काचेचे ते कपाट बैलांमागे लोणावळ्यात शिरले तेव्हा बाजारपेठेतले झाडून सारे लोक बघायला उभे होते.

दुसऱ्या दिवशी गेनूभाऊंची नोकरी गेली. चार गाड्यांचा बेत तिथेच संपला. पुढच्या पंधरवड्यात माझी नेमणूक पक्की झाली. तो कागद मला घरात ठेवून घेववेना. मी आंदर मावळात चालत गेलो. पोहोचायला दुपार झाली. गेनूभाऊ भात कापत होते. मी म्हणालो, "मी शेठजींना सांगणार आहे." त्यांनी विळा बांधावर ठेवला, मला गुळपाणी दिले आणि म्हणाले :

"तुमी सांगितलंत तर दोगंबी रिकामं हुनार. त्यापरीस येक रिकामा बरा. माज्या हाताला पान्हा कुटंबी घावंल. तुमच्या हाताला खडूच पायजे. आता ह्यो इषय बंद."

आणि त्यांनी तो खरोखर बंद केला. मी तो बंद राहू दिला. तेव्हापासून आजवर गावात कुणीही सहज म्हणावे, "गेनूभाऊ पेट्रोलच्या गाडीचे राजे, पण विजेची गाडी त्यांनीच मारली," आणि त्यांनी हसून मान डोलवावी, असे चालत आले. त्या प्रत्येक वेळी मी तिथे असेन तर त्यांची नजर माझ्याकडे वळत नसे. ती मुद्दाम वळत नसे, हे मला कळत होते.

मुंबई-पुणे रस्त्यावर पत्र्याच्या छपरात त्यांनी स्वतःचे गॅरेज काढले. तिथे त्यांची विद्या साऱ्या मावळाने पाहिली आहे. बिघडलेल्या मोटारीला ते लगेच हात लावत नाहीत. आधी ड्रायव्हरला बसवतात, पाणी देतात आणि विचारतात, "कुटं रुसली? त्याच्या आदी काय बोलणं झालं हुतं?" ते पाणी ज्यातून देतात तो तांब्याचा हंडा आमचा. स्वतःवरच्या रागाने मी तो मोडीत काढणार होतो. गेनूभाऊंनी मागून नेला. "ब्याटरीला वाईट, मानसाला चांगला," एवढेच म्हणाले. घाट चढून आलेल्या किती तहानलेल्यांनी त्यातले पाणी प्यायले असेल याची गणती नाही.

या गेल्या युद्धात पेट्रोल मिळेनासे झाले आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या, तेव्हा गेनूभाऊ राजमाचीच्या बाजूला कोळसा पाडणाऱ्या सोमाआबा कातकऱ्यांकडे जाऊन बसले. कोणत्या लाकडाचा कोळसा इंजिनात चिकट राळ धरत नाही, हे त्यांच्याकडून शिकले. पुढे एक बडे साहेब आपली गॅसची मोटार घेऊन आले. त्या दिवशी सोमाआबा गॅरेजात होते. गेनूभाऊंनी आपली खुर्ची आबांना दिली आणि साहेबांना म्हणाले, "इचारायचं ते ह्यास्नी इचारा. माजं मास्तर हे." साहेबांना उभ्यानेच विचारावे लागले. सोमाआबांनी कोळसा हातात घेऊन वाजवला, कान दिला आणि म्हणाले, "ह्यो वला हाय." ते खरे निघाले.

शेठजी वारले, वारसांनी बंगला विकला, तेव्हा विजेची गाडी गोठ्यात सापडली. घट केव्हाच काढून विकलेले, गादीवर कोंबड्यांची वस्ती. गेनूभाऊ ती गॅरेजात घेऊन आले. नवे घट आणायची ऐपत आम्हा कुणाचीच नाही. पण रविवारची बैठक तेव्हापासून त्या गाडीतच भरते. पुढे गेनूभाऊ बसतात, मागे डिसोझासाहेब आणि मी. गेनूभाऊ घंटा वाजवतात आणि गाडी जागच्या जागी निघते. "वलवण आलं," ते म्हणतात. "वाकसई," मी म्हणतो. डिसोझासाहेब कार्ल्याचा डोंगर सांगतात. कुणी भाताच्या ओंब्या सांगतो, कुणी बगळे. डोळे अर्धे मिटून आम्ही कामशेतला पोहोचतो. काचेवर हळदकुंकू लागते. आणि गेनूभाऊ म्हणतात, "चला, उतरा. चा घिऊ." गेली कित्येक वर्षे आमची सहल कामशेतलाच संपते. परतीला आम्ही कधी निघालो नाही. त्यांना परतीच्या चढाचा कंटाळा असेल, असे मी समजत आलो.

गेल्या रविवारी हा लेख, इथपर्यंतचा, मी त्या गाडीत बसून दोघांना वाचून दाखवला. गेनूभाऊ म्हणाले, "मास्तर, ह्ये छापू नगा." मी म्हणालो, "छापणार. जीवनपटातले ते वाक्यही मी काढायला लावले आहे." डिसोझासाहेबांनी गेनूभाऊंकडे बोट करून विचारले, "तो इतने साल ये आदमी चुप रहा?" माझीही साठी जवळ आली आहे, शाळेतून मी निवृत्त झालो आहे, मुलींची लग्ने झाली आहेत. आता माझे काही जाणार नव्हते, आणि तरीही मला वडाखाली उभ्या असलेल्या त्या तरुण मास्तरासारखे भय वाटत होते.

गेनूभाऊंनी गाडी वळवायची दांडी हातात घेतली, घंटा वाजवली आणि नेहमीप्रमाणे आम्ही कामशेतला गेलो. आजी आली, हळदकुंकू लागले. मी उतरायला दार उघडले, तेव्हा त्यांनी मागे न बघता हात केला.

"बसा, मास्तर. आता माघारी जायचं."

आणि मला त्या क्षणी उमगले, की इतकी वर्षे ते कामशेतलाच का थांबत होते. परतीच्या वाटेवर तो वड होता. तिथून मला न्यायचे त्यांनी टाळले होते, रविवारमागून रविवार, एक अक्षर न बोलता. आम्ही निघालो. कार्ल्याचा फाटा डिसोझासाहेबांनी सांगितला. वडाचे नाव मला घ्यायचे होते. मी घेतले. गेनूभाऊ म्हणाले, "गेला मागं," आणि घटांच्या रिकाम्या पेटीवरून त्यांनी तळवा फिरवला. "गार हायती समदे." मग वाकसई आली, वलवण आले आणि आम्ही लोणावळ्याला पोहोचलो.

समितीला, मावळातल्या साऱ्या मोटारवाल्यांना आणि गेनूभाऊंच्या हंड्यातले पाणी प्यायलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, की सत्काराच्या दिवशी त्यांना हार घालताना विजेच्या गाडीचा विषय जरूर काढा आणि खरे बोला. परमेश्वर त्यांच्या हातांतली ती ओळखती ऊब शतायुषी ठेवो, कानांना लाटण्याची संगत आणि पायांना घाटाचा दम राहो. कामशेतच्या ठेशनाबाहेर विजेच्या गाड्या उभ्या राहिलेल्या त्यांना याच डोळ्यांनी पाहता याव्यात. आणि त्याआधी कधी आमच्या गाडीत नवे घट बसलेच, तर त्यात पाणी घालायला मला बोलवावे. मी काचेची बरणी घेऊन येईन.